नेसण्याची विद्या

गेल्या नवरात्रातील पाचव्या माळेची गोष्ट. आपल्या मंदिरातील उत्सवमूर्तीला साडी नेसविण्याची सेवा परंपरेने महिला विभागाकडे आहे, हे सभासदांस ठाऊक आहेच. गेली कित्येक वर्षे ज्या काकू ही सेवा करीत आल्या, त्यांचा उजवा हात त्या आठवड्यात दुखावला होता. चौरंगावर नवे इरकली लुगडे घडी उकलून ठेवलेले होते आणि पालखीला तासाभराचा अवकाश होता. कुंकुमार्चनासाठी सभामंडपात तीसएक स्त्रिया जमल्या होत्या, आणि त्यांतील बहुतेकींच्या अंगावर नऊवारीच होती. तरीही "देवीला कोण नेसवील?" असे विचारताच मंडपात शांतता पसरली. कारण लवकरच ध्यानात आले. त्या बहुतेक नऊवारी शिवलेल्या होत्या. विजारीप्रमाणे पायांत चढवून नाडी आवळावयाच्या. नेसावयाचे फार थोडींना येत होते, आणि दुसऱ्याला नेसवावयाचे तर कोणालाच नाही.

अखेर ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एक आजी पुढे आल्या. त्यांना फार वेळ उभे राहवत नसे, म्हणून त्यांना खुर्ची दिली. त्यांच्या सांगण्याबरहुकूम महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी देवीला लुगडे नेसविले. "अगं, आधी गाठ घट्ट मार. निऱ्यांची घाई नको," असे आजी सांगत होत्या. एकीने भीत भीत विचारले, "आजी, पालखीत सुटणार नाही ना?" त्यावर आजी म्हणाल्या, "सुटलं तर पुन्हा नेसवू. शिवलेलं उसवलं की शिंपी शोधावा लागतो. नेसलेलं सुटलं तर आपले हात आहेतच."

पालखी त्या दिवशी पाऊण तास उशिरा निघाली.

हा प्रसंग कोणास दोष देण्यासाठी सांगितलेला नाही. प्रस्तुत लेखिकाही त्या मंडपात होती आणि तिलाही पुढे होता आले नाही. किंबहुना तिच्या अंगावर होते ते तिच्या आईचे लुगडे, पाच वर्षांपूर्वी शिंप्याकडून कापून शिवून घेतलेले. त्या दिवसापासून मनात घोळत असलेल्या विचारांची थोडी मांडणी करून हा अभ्यासलेख सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहे. पूर्वजांचा पेहराव आजच्या आयुष्यात करावा की नाही, करावा तर कसा, आणि त्यातले काय घ्यावे व काय सोडावे, हा त्याचा विषय आहे.

१. वेष आणि वस्त्र

जुन्या पेहरावाची आवड सांप्रत पुष्कळ वाढली आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा, शिवजयंतीची मिरवणूक, लग्नातील वरमाला, शाळांची संमेलने, अशा सर्व प्रसंगी तरुण मंडळी नऊवारी, फेटा, अंगरखा हौसेने घालतात. ज्या पिढीने या वस्त्रांची लाज बाळगली, तिच्या नातवंडांना ती पुन्हा हवीशी वाटावीत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि अभ्यासकाने येथे एक भेद ओळखला पाहिजे. वेष डोळ्यांना दिसतो; वस्त्र हातांना कळते. वेष एका दिवसासाठी भाड्यानेही आणता येतो. वस्त्राची ओळख व्हावयास मात्र ते नेसावे, धुवावे, वाळवावे, घडी घालावे आणि दुरुस्त करावे लागते.

नऊवारी लुगड्याचेच उदाहरण घेऊ. एक वार म्हणजे ३६ इंच. यास्तव नऊ वार म्हणजे सुमारे ८ मीटर २३ सेंटिमीटर वस्त्र. ते पूर्ण अखंड असते. त्यास ना शिवण, ना नाडी, ना गुंडी. कमरेभोवती फेरा घेऊन पुढे गाठ मारावयाची. पदरासाठी लांबी सोडून उरलेल्या वस्त्राच्या निऱ्या करून त्या पुढे खोचावयाच्या, आणि काठ पायांमधून मागे नेऊन कमरेशी खोचला की झाला काष्टा. या सकच्छ नेसण्याच्या पद्धती घरोघरी आणि प्रांतोप्रांती निराळ्या आहेत. काष्टा कोठे उंच घेतात, कोठे घोट्यापर्यंत सोडतात. कोठे पदर डोक्यावरून घेतात, तर कोठे कमरेला आवळून बांधतात. सर्वांमागचे तत्त्व मात्र एकच आहे. पाय मोकळे राहावेत आणि कमर आवळलेली असावी. शेतात लावणी करताना, जात्यावर बसताना, विहिरीचे पाणी शेंदताना स्त्रीला याच दोन गोष्टींची गरज असे. म्हणजे हा पेहराव मुळात मिरवावयाचा नव्हता; तो कामाचा होता.

अखंड वस्त्राचा दुसरा गुण असा, की ते कोणा एका शरीराचे नसते. सासूचे लुगडे सुनेला येते, सडपातळ मुलीचे तिला मूल झाल्यावरही येते. बसण्याच्या जागी ते विरले, तर विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडावयाचे. यास दांड घालणे म्हणत. दांड घातलेले लुगडेही जीर्ण झाले, की त्याचे बाळासाठी दुपटे होई, मग गोधडीचा थर होई, आणि अखेरीस देवघरातील काकड्याची वात होई. नव्या लुगड्याचा पहिला मान देवीला आणि त्याच्या शेवटच्या चिंधीची वातही देवापुढेच! इतके दीर्घ आयुष्य लाभलेले वस्त्र आज आपल्या घरात क्वचितच सापडेल.

हेच लुगडे शिवून घेतले, की ते एका मापाचे होते. कापलेल्या वस्त्राला पुन्हा नऊ वारांचे करता येत नाही. शिवलेली नऊवारी निषिद्ध आहे, असा याचा अर्थ कोणी करू नये. सकाळी सात वाजता कचेरीस निघणाऱ्या आणि संध्याकाळी आरतीला धावत येणाऱ्या मुलीने ती घातली, तर तिचे कौतुकच करावे. आपल्या मंडळाने त्यावरून तिला नाक मुरडले, तर ती पुढच्या वर्षी येणार नाही, एवढेच होईल. सांगावयाचे ते इतकेच, की शिवावयाचे असल्यास नवे, साधे, त्याच कामासाठी घेतलेले कापड शिवावे. आजीच्या किंवा आईच्या लुगड्याला कात्री लावू नये. जे मला कोणी सांगितले नाही, ते येथे मुद्दाम लिहून ठेवीत आहे.

२. बाराबंदीचा धडा

शिवलेले वस्त्र म्हणजे नकली आणि नेसलेले तेवढे अस्सल, अशीही समजूत होऊ नये. आपल्याकडे शिवण्याची विद्याही जुनी आहे, आणि जुना पेहराव आजच्या काळात जिवंत कसा राहतो याचे उत्तम उदाहरण एका शिवलेल्या कपड्याचेच आहे. ते पाहण्यासाठी सोलापुरास जावे.

सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वर. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या नावाने तेथे दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. लोक तिला गड्डा यात्रा म्हणतात. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि अक्षता सोहळा होतो. हे उंच आणि जड नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि त्यांच्यासोबत चालणारे असंख्य भक्त पांढरी बाराबंदी घालतात. त्यांत वकील असतात, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार असतात, संगणकावर काम करणारे तरुण असतात. वर्षभर ते सदरा आणि पाटलोणीत वावरतात. यात्रेत मात्र बाराबंदी, आणि तिला कोणी 'ऐतिहासिक वेष' म्हणत नाही. ते यात्रेचे वस्त्र आहे. वडिलांची बाराबंदी पाहून मुलगा स्वतःच्या मापाची मागतो, शिंपी ती शिवतो, आणि शिवण्याची रीत त्या शहरात टिकून राहते.

बाराबंदीची घडण समजून घेण्यासारखी आहे. नाव पडले ते बंदांवरून. हिला गुंड्या नसतात. पुढचे दोन पाखे एकमेकांवर येतात आणि कापडी बंदांनी बांधले जातात. माणूस पुष्ट झाला वा रोडावला, तरी बंद थोडा सैल वा थोडा आवळून तीच बाराबंदी चालते. जुन्या रीतीच्या शिवणकामात आणखी एक शहाणपण आहे. आजचा सदरा बगलेशी गोलाई देऊन कापतात. त्यामुळे बरेच कापड कातरणीत जाते. जुन्या अंगरख्याचे, कुडत्याचे भाग बहुतांशी सरळ पट्ट्या आणि तिरप्या कळ्या असत. बाही सरळ जोडावयाची आणि बगलेत चौकोनी तुकडा बसवावयाचा; त्यास चौबगला म्हणतात. या एका लहान तुकड्याने हात वर उचलता येतो आणि शिवण उसवत नाही. मागावरून आलेल्या कापडाचा पन्हा ध्यानात घेऊन कापणी केल्यामुळे वाया जाणारे कापड अगदी थोडे असे. ज्या काळी सूत हाताने काततात आणि कापड हाताने विणतात, त्या काळी कापडाची चिंधीही मोलाची असते. ही कापणी त्या मोलाच्या जाणिवेतून निघाली आहे.

घरी शिलाईयंत्र असेल त्यांनी हे करून पाहावे. जुनी बंडी, बाराबंदी किंवा अंगरखा मिळाला तर तो उसवू नये. सपाट पसरून त्याची लांबी, छाती, बाहीचा घेर, चौबगल्याची बाजू, बंदांच्या जागा कागदावर टिपून घ्याव्यात आणि स्वस्त मांजरपाटाची एक नक्कल आधी शिवावी. ती अंगावर घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. बगलेत ओढ बसली, तर चौबगला थोडा मोठा घ्यावा. नक्कल जमल्यावरच चांगल्या कापडास कात्री लावावी.

सोलापूरच्या उदाहरणाचे सार हे, की जुने वस्त्र टिकते ते त्याला काम असल्यामुळे. नंदीध्वज उचलावयाचा आहे, म्हणून बाराबंदी आहे. आपल्याकडे पालखी आहे, देवीला नेसवावयाची सेवा आहे. मूर्तीला विजार चढविता येत नाही. तिला नेसवावेच लागते. म्हणून ही विद्या शिकण्यास मंदिरासारखी दुसरी शाळा नाही.

३. माग आपल्या दाराशी

नेसण्याच्या आणि शिवण्याच्याही आधीची विद्या विणण्याची. याबाबतीत बेळगावकर विशेष भाग्यवान आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग या आपल्याच भागांत विणकरांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातमागांची जागा आता बहुतांशी यंत्रमागांनी घेतली आहे, तरी मागाचा आवाज अजून ऐकू येतो. थोडे पुढे बागलकोट जिल्ह्यात इळकल आणि गुळेदगुड्ड ही गावे आहेत. आपल्या आज्यांची लुगडी आणि चोळ्या यांची नाळ याच दोन गावांशी जुळलेली आहे.

इरकली लुगड्याची बांधणी एकदा जाणीवपूर्वक पाहावी. अंगाचा ताणा सुताचा असतो आणि पदराचा ताणा रेशमाचा. हे दोन ताणे एकाच्या फाशात दुसऱ्याचा फासा अडकवून जोडतात आणि मग विणतात. त्यामुळे सुती अंगाला रेशमी पदर, तोही शिवण न घेता, मागावरच जोडला जातो. खर्च आवाक्यात राहतो आणि जो भाग चारचौघांत दिसतो तो रेशमी राहतो. मध्यम स्थितीतील गृहिणीची गरज ओळखणारी ही योजना कोणा विणकराच्या बुद्धीतून निघाली असली पाहिजे. आज पुष्कळदा खऱ्या रेशमाऐवजी कृत्रिम रेशीम वापरतात. ते कमी दर्जाचे म्हणून हिणवू नये. घेताना मात्र विचारून घ्यावे आणि विकणाऱ्याने खरे सांगावे. गुळेदगुड्डचा खण चोळीसाठीच विणला जातो. बारीक नक्षी आणि दोन्ही कडांना काठ. तो ओटीत घालावयाचा खण म्हणून आपणा सर्वांस परिचित आहेच. परंतु ओटीत आलेले किती खण आपण शिवून अंगावर घालतो आणि किती पुढच्या घरी ओटीत पाठवितो, याचा हिशेब प्रत्येक घराने मनाशी करावा.

आपले बांधव जेथे जेथे दूर वसले आहेत, तेथे तेथे त्यांच्या दाराशीही असेच माग आहेत. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) नर्मदाकाठी महेश्वर येथे राजधानी केली आणि तेथील विणकामास आश्रय दिला. पुढे ते मंदावले; १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी रेहवा सोसायटी स्थापून स्थानिक स्त्रियांना विणकाम शिकविले आणि महेश्वरी साडी पुन्हा बाजारात आली. चंदेरी ही पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातली. नारायणपेठ निजामाच्या राज्यातले, आता तेलंगणातले. पैठणी पैठणची, आणि आज तिचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला. गोमंतकात कुणबी आणि गावडा स्त्रियांची तांबड्या चौकड्यांची सुती साडी जवळजवळ लुप्त झाली होती. वेषरचनाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी तिचा शोध घेतला, ती पुन्हा विणवून घेतली आणि गोव्याच्या पेहरावाचा इतिहास 'मोडा गोवा' या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. शेतात राबणाऱ्या स्त्रीचे वस्त्र हेही इतिहासाचे वस्त्र आहे, हा त्यातील बोध आहे.

हातमागाची पैठणी ओळखण्याची एक सोपी खूण अभ्यासासाठी देते. पदर उलटून पाहावा. खऱ्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे जागच्या जागी एकमेकांत गुंतवून विणतात. म्हणून उलटी बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील, किंवा ते कातरलेले दिसत असतील, तर ते काम दुसऱ्या रीतीचे समजावे. तेही नेसावे, परंतु त्या नावाने आणि त्या भावाने घेऊ नये.

४. काय घ्यावे, काय सोडावे

जुन्या पेहरावाचे गोडवे गाताना एक सत्य झाकून ठेवणे अभ्यासकास शोभणारे नाही. पूर्वी वस्त्र हे केवळ आवडीने ठरत नसे. ते माणसाची पायरी सांगत असे. आपल्याच घरांतून विधवा स्त्रीला आलवण, म्हणजे काठपदर नसलेले तांबडे लुगडे, नेसावे लागे. तिचे केस काढीत आणि शुभकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. पंजीच्या पेटीत पैठणीच्या शेजारी आलवणही असू शकते. दोन्ही आपल्याच इतिहासाची वस्त्रे आहेत; एक पुन्हा नेसावयाचे आणि दुसरे पुन्हा कोणाच्याही अंगावर येऊ द्यावयाचे नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या सभेत लुगडे नेसण्याविषयी उपदेश केला. ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या आणि सवर्ण स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत नेसा, असा त्याचा आशय होता. ज्यांच्यावर एखादा पेहराव लादला गेला, त्यांच्या दृष्टीने तो सोडणे हीच मुक्ती होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे आपल्या हौसेला विवेकाची जोड मिळते. एखादे कुटुंब जुना पेहराव करीत नसेल, तर त्याचे कारण विस्मृती असेल, किंवा चांगली स्मृतीही असेल. मंदिरात येणाऱ्या कोणासही वस्त्रावरून तोलू नये.

दुसरी सावधगिरी खरेखोटेपणाची. आज ज्याला आपण पुरातन म्हणतो, ते पुष्कळदा तितके पुरातन नसते. लक्ष्मी आणि सरस्वती यांची साडी नेसलेली जी रूपे आपल्या देवघरांतून आहेत, त्यांतील पुष्कळांचा उगम राजा रविवर्मा यांच्या चित्रांत आहे. वडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पुराणप्रसंग रंगविले आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आपली चित्रे घरोघरी पोहोचविली. पौराणिक नायिकांना नऊवारी नेसविण्याचा निर्णय त्या थोर चित्रकाराचा होता. तसेच आजची 'पेशवाई' वेषभूषा पुष्कळ अंशी चित्रपट आणि मालिका यांतून आलेली आहे. त्या कलेलाही मान आहे. कोल्हापूरच्या भानु अथैय्या (१९२९–२०२०) यांना 'गांधी' (१९८२) या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. परंतु चित्रपटातील वस्त्र कॅमेऱ्यासाठी असते, आणि आपले वस्त्र आपल्याला चालावयास, बसावयास, वाढावयास आणि नमस्कार करावयास हवे असते. पुरुषांनीही हे ध्यानात घ्यावे. पगडी आणि फेटा यांत भेद आहे. पगडी पगडबंद एकदा बांधून देतो आणि ती तशीच डोक्यावर ठेवतात. फेटा दर वेळी नव्याने बांधावा लागतो. ग्वाल्हेरची शिंदेशाही, इंदूरची होळकरशाही, वडोद्याची गायकवाडी आणि पुण्याची पुणेरी यांचे आकार वेगवेगळे आहेत. पुणेरी पगडीस २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मुलाला शोभायात्रेत फेटा बांधावयाचा, तर एका वर्षी बापाने बांधून द्यावा आणि पुढच्या वर्षी त्याला स्वतः बांधू द्यावा.

५. आजच्या घरात

आपल्या बेळगावात डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीजवळून जाताना त्याची आठवण होतेच. त्या अधिवेशनाने सभासदत्वासाठी पैशाऐवजी सुताची वर्गणी मान्य केली होती: दरमहा २,००० वार सूत. ते शक्यतो स्वतः कातलेले द्यावयाचे; ज्यास इच्छा वा सवड नसेल त्याने दुसऱ्याचे कातलेले द्यावे, अशीही सोय ठेवली होती. त्यामागचा हेतू या लेखाच्या विषयाशी जुळतो. वस्त्राचे मोल हातांनी जाणावे, आणि ज्याला सर्व साधत नाही त्यालाही दारात उभे राहण्यास जागा असावी.

त्याच धोरणाने आजच्या घरासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. सर्व पोषाख एकदम जुना करण्याचा आग्रह नसावा. एका वस्त्रापासून आरंभ करावा. खणाची चोळी सहावारी साडीवर शोभते आणि मुलींना ती सदऱ्याप्रमाणे पाटलोणीवरही आवडते. त्यास हसू नये. इरकली सहावारीही मिळते आणि ती कचेरीत नेसता येते. स्वतः सहावारी, गोल साडी, एके काळी वडीलधाऱ्यांच्या टीकेस पात्र झाली होती. आता तिलाच आपण परंपरा म्हणतो. मुलाच्या मुंजीत उपरणे खांद्यावर टाकतात. ते सणावारी आरतीलाही घ्यावे. नऊवारी महिन्यातून एकदा, घरी, कोणी पाहत नसताना नेसावी. निऱ्या नीट येण्यास आरसा लागत नाही, सराव लागतो.

जुन्या लुगड्यांची निगा हा वेगळाच अभ्यास आहे. रेशमी आणि जरीची लुगडी धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवावीत. वर्षातून दोनदा सावलीत वारा द्यावा, उन्हात घालू नये. त्याच घडीवर वर्षानुवर्षे ठेवल्यास रेशीम घडीवर तुटते, म्हणून प्रत्येक वेळी घडी बदलावी. अत्तर आणि डांबरगोळी जरीस लागू देऊ नये. सुकलेला कडुनिंबाचा पाला किंवा लवंगा कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवाव्यात. हाताने हलके ताणले असता ज्याचे धागे तुटू लागतात, ते लुगडे नेसू नये. त्याचा पन्हा, काठाची रुंदी, पदराची लांबी आणि रंगांची नोंद करून विणकराकडे न्यावे आणि तसे नवे विणवून घ्यावे. जुने जपून ठेवणे आणि त्यावरून नवे घडविणे, याने घराचा ठेवाही राहतो आणि विणकराचे पोटही चालते. आणि बोहारीण दाराशी आली, किंवा जुन्या जरीचे खरेदीदार आले, तर पेटी उघडण्यापूर्वी घरातील वडील स्त्रीला एकदा विचारावे. जरीतील चांदी काढण्यासाठी ती लुगडी जाळतात. हाती येतात थोडे पैसे आणि जाते ते परत मिळत नाही.

समारोप

गेल्या नवरात्रात पालखी पाऊण तास उशिरा निघाली, याची काही सभासदांनी तक्रार केली. ती रास्त होती. परंतु त्या पाऊण तासात दोन मुली जे शिकल्या, ते त्यांच्या हातांत आता राहील, आणि पुढच्या वर्षी कदाचित त्याच तिसरीला शिकवितील. त्या आजी आपल्यात आहेत तोवर ही विद्या त्यांच्या तोंडून ऐकून घेणे आपले कर्तव्य आहे. पुस्तकातून निऱ्या घालता येत नाहीत.

माझ्या आईचे एक लुगडे मी कापले. दोन अजून अखंड आहेत. गेल्या महिन्यात त्यांतील एक मी प्रथमच नेसले. गाठ दोनदा सुटली आणि काष्टा वाकडा आला. तिसऱ्या वेळी जमले, तेव्हा पदरावर आईने घातलेली जुनी रफू दिसली. ती मी शिवलेल्या लुगड्यात कोठेतरी आतल्या बाजूला गेली असती.

गृहाभ्यास

१. आपल्या घरातील सर्वांत जुने वस्त्र कोणते? ते कोणाचे, कोठून आलेले, आणि कोणत्या प्रसंगाचे, हे घरातील वडील माणसास विचारून एका वहीत लिहून ठेवावे.

२. ते कापलेले आहे की अखंड? त्याचा पन्हा, काठ आणि पदर मोजून त्याच वहीत नोंदवावा.

३. आपल्या घरी नऊवारी नेसण्याची पद्धत कोणती होती? काष्टा कोठपर्यंत, पदर कसा, हे सांगणारे कोणी हयात असल्यास त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून पाहावे.

४. घरातील कोणते जुने वस्त्र पुन्हा अंगावर यावे असे आपणास वाटते, आणि कोणते येऊ नये? दोहोंची कारणे मुलांशी बोलावीत.

५. येत्या नवरात्रापूर्वी घरातील एका तरी मुलाने फेटा बांधण्यास आणि एका तरी मुलीने लुगडे नेसविण्यास शिकावे. मुलगा लुगडे नेसविण्यास किंवा मुलगी फेटा बांधण्यास शिकली, तरी देवीची काही हरकत असणार नाही.